किरकोळ धोका

सकाळी सातला सोडलेला फुगा साडेआठच्या सुमाराला वर कुठेतरी फुटला, आणि जाता जाता त्याने पाठवलेले आकडे मिलो व्होंड्राच्या समोर पडद्यावर उभे राहिले. मिलोने ते दोनदा वाचले. जमिनीलगत दमट हवा, बरीच. तिच्यावर गरम हवेचा एक थर. हवामान खात्यातली माणसं त्या थराला झाकण म्हणतात. ते आहे तोवर खालची वाफ वर जात नाही. आणि वायव्येकडून थंड हवेची आघाडी खाली सरकत होती. संध्याकाळी पाचच्या आसपास ती इथे पोचली की झाकण उचललं जाणार. सगळीकडे उचललं जाईल की एखाददुसऱ्या जागीच, एवढाच प्रश्न होता.

एकतीस वर्षं तो हाच प्रश्न सोडवत आला होता. नेब्रास्कात मे महिन्यात आठवड्याला एक तरी आघाडी येते, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असतं.

"नकाशावर काय काढतोयस?" पलीकडच्या टेबलावरून कर्टिसने विचारलं. दोघं चौदा वर्षं शेजारी बसत होते.

"किरकोळ."

"कुठवर?"

"नदीच्या दक्षिणेकडच्या नऊ काउंट्या."

"नऊच? देव पावला म्हणायचा. गेल्या महिन्यात आभाळात कावळा उडाला तरी तू अर्धं राज्य हिरवं करत होतास."

कर्टिसने कॉफीचा कप उचलला, रिकामाच होता, तरी तोंडाला लावला.

"तसं नाही म्हणायचं होतं मला," तो म्हणाला.

"खरंच करत होतो," मिलो म्हणाला. "आज नऊच आहेत."

नकाशावर धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. सगळ्यांत खालची किरकोळ, तिचा रंग हिरवा. तिचा अर्थ असा, की तुम्ही जिथे उभे आहात तिथून पंचवीस मैलांच्या आत जबर वादळ होण्याची शक्यता शंभरात पाच आहे. वादळ लहान असेल असं तो शब्द म्हणत नाही. जागा थोड्या असतील, एवढंच म्हणतो. पण लोक ऐकतात ते नेमकं उलटं. किरकोळ धोका म्हणजे किरकोळ वादळ, चार थेंब, एखादी फांदी. ही चूक मोडून काढण्यात मिलोचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

आत्ताही फोन वाजला तो त्याच चुकीचा. शेतकरी स्टॅन्ली हर्बेक, वय वर्षं ब्याऐंशी.

"मिलो, रेडिओवाला किरकोळ म्हणतोय. मग लसूणघास कापू का?"

"आज नका कापू. भिजेल कदाचित."

"वादळ किरकोळ, तर पाऊसही किरकोळच ना?"

"वादळ झालं तर मोठंच होईल, स्टॅन्ली. फक्त थोड्या ठिकाणी होईल."

"म्हणजे माझ्यावर नाही, हर्मनवर पडणार."

"असं मी म्हटलेलं नाही."

"हर्मनवर पडलं तर बरंच आहे. त्याचं कुंपण दोन फूट माझ्यात आलंय. तेवढं उडवून ने म्हणावं." म्हातारा स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. "आज संध्याकाळी कबरस्तानात येणार ना रे तू? फादर पाचला येतायत."

"बघतो," मिलो म्हणाला.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार होता. आज सगळ्या गावांतली माणसं आपापल्या मेलेल्यांच्या कबरींवर फुलं ठेवतात. मिलोच्या नोव्हाक क्रीक गावात पिओनीची ठेवतात, कारण ती बरोबर याच वेळी फुलतात; ओंजळभर मोठी, गुलाबी, मुंग्यांनी भरलेली. कॉफीचा रिकामा डबा घ्यायचा, त्याला चंदेरी कागद गुंडाळायचा, तळाशी चार दगड टाकायचे आणि त्यात फुलं खोचायची. मिलोची बायको एडलिन दर वर्षी चौदा डबे करायची. चौदा डबे मागच्या सीटवर मांडून ती सांगायची, "हळू चालव, माझी सासरमाहेरची सगळी माणसं मागे बसलीत."

गेल्या वर्षी पंधरावा डबा कुणीतरी तिच्यासाठी केला होता. मिलो तेव्हा गेलाच नव्हता.

दर मार्चमध्ये मिलो गावोगावच्या अग्निशमन हॉलमध्ये जाऊन वादळांवर बोलायचा. लोखंडी खुर्च्या, पाण्यासारखी कॉफी, पन्नास-साठ माणसं. किरकोळ या शब्दावर आला की तो ठरलेला विनोद करायचा. "किरकोळ ऑपरेशन म्हणजे काय? शेजाऱ्याचं ऑपरेशन!" लोक हसायचे. मग तो हात वर करून म्हणायचा, "ज्याच्यावर पडतं, त्याला ते किरकोळ नसतं." एडलिन शेवटच्या रांगेत बसून हे दर वर्षी ऐकायची आणि परतीच्या वाटेवर त्याची नक्कल करायची, हात वर करून, आवाज जाड काढून.

पण घरात तोच शब्द वेगळाच नांदत होता. कसा शिरला कोण जाणे, लग्नानंतर लगेचच. मांस करपलं, किरकोळ. गाडीला खांब घासला, किरकोळ. मुलगी झाली तेव्हा बावीस तास कळा देऊन झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, फार त्रास झाला का, तर एडलिन मिलोकडे बघून म्हणाली, "किरकोळ." नर्सला वाटलं बाई भ्रमात आहे. घरातल्या किरकोळचा अर्थ एवढाच होता: घाबरू नकोस, मी आहे.

आणि गेल्या वर्षी एप्रिलच्या एकोणीस तारखेला, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, एडलिनने कार्यालयात फोन केला. ती चर्चच्या हॉलमध्ये होती. रविवारच्या जेवणासाठी ती आणि तिची थोरली बहीण रोझली दोघी मिळून वीस डझन कोलाचे भाजत होत्या, खसखशीचं आणि जर्दाळूचं सारण भरलेले गोड पाव. भाजून झाले होते.

"निघू का आता, की थांबू?" तिने विचारलं.

मिलोच्या खांद्यावर फोन होता, दोन्ही हात कळफलकावर होते. आघाडी वीस मैलांवर होती, दोन-तीन ढग उभे राहत होते आणि तो संध्याकाळचा अंदाज लिहीत होता. त्याने सकाळी नकाशावर काढलं होतं तेच होत होतं.

"किरकोळ आहे," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

ओढ्याकाठच्या रस्त्यावर कॉटनवूडचं जुनं झाड होतं. ते वाऱ्याने चार वाजून नऊ मिनिटांनी तिच्या गाडीवर पडलं. मिलोने इशारा पाठवला तो चार बाराला.

महिन्याच्या शेवटी सगळे अंदाज तपासले जातात. नकाशावर काढलेल्या हिरव्या पट्ट्यात खरोखर काही झालं का, ते बघतात. झालं असेल तिथे टिंब असतं. त्या दिवसाच्या पट्ट्यात एकच टिंब होतं. वारा, झाड पडलं, एक मृत. एक टिंब असल्यामुळे अंदाज बरोबर धरला गेला. एकही नसतं तर चुकला म्हणाले असते. मिलोने तो कागद पाहिला आणि उठून बाहेर जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिला. कर्टिस मागून आला आणि शेजारी उभा राहिला.

तेव्हापासून एकच गोष्ट त्याला खात होती. तो शब्द एडलिनने कुठला ऐकला? हॉलमधला ऐकला असेल, तर तिला ठाऊक होतं की थोड्या जागी मोठं काही होऊ शकतं, आणि ती विचार करून निघाली. घरातला ऐकला असेल, तर नवऱ्याने सांगितलं घाबरू नकोस, म्हणून ती निघाली. आणि तो स्वतः कुठला म्हणाला होता, हे त्याला आठवत नव्हतं. शब्द तोंडातून निघाला होता, एवढंच.

फोन ठेवल्यावर एडलिनजवळ एकच माणूस होतं. रोझली. आणि रोझली तेरा महिने मिलोशी एक अक्षर बोलली नव्हती. दफनाच्या वेळी तिने त्याचा हात हातात घेतला होता आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं होतं. मिलोलाही तिच्या दाराशी जाऊन विचारायचं धैर्य झालं नव्हतं. दोनदा तो तिच्या घरापर्यंत गाडी घेऊन गेला आणि दोनदा तिथूनच वळला.

अकराच्या सुमाराला लोकांच्या चौकशीचा फोन पुन्हा वाजला. कर्टिसच्या तोंडात घास होता, म्हणून मिलोने उचलला.

"हवामान कार्यालय."

पलीकडून आवाज आला. "मला वाटलं दुसरं कुणीतरी उचलेल."

मिलोने आवाज ओळखला. त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"दुसऱ्याला देऊ का, रोझली?"

"राहू दे. आता तूच आहेस तर तूच सांग. चाळीस माणसं आहेत. फादर पाचला येतायत कबरींवर प्रार्थना म्हणायला. त्यात मार्सेला चाकाच्या खुर्चीतून येणार, तिला चिखलात कोण ढकलणार? ठेवू की रद्द करू?" मग ती थांबली. "रेडिओवर किरकोळ म्हणत होते."

"हो."

"किरकोळच आहे ना?"

मिलोच्या समोर भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं. त्यावरच्या ट्रॅक्टरकडे बघत तो बसला.

"रोझली, तो शब्द मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी तुला नीट सांगतो, सगळं. आघाडी पाच-सव्वापाचला तुमच्यावर येईल. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा काही होणार नाही, वारा फिरेल आणि गार वाटेल. पाच वेळा होईल, आणि झालं तर साठ मैलांचा वारा असेल. कबरस्तानात ती जुनी झाडं आहेत. पाच वाजता त्या झाडांखाली मी कुणालाही उभं करणार नाही."

"फादर पाचच्या आत येत नाहीत. त्यांच्याकडे तीन गावं आहेत."

"मग प्रार्थना हॉलमध्ये घ्या. फुलं ज्याची त्याने चारच्या आत ठेवून यावं."

"लोक म्हणतील, चार थेंबांना घाबरली."

"मिलोने सांगितलं म्हण."

"तेच तर म्हणतील, की मिलो हल्ली..." तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो त्याला ऐकू येत होता. तो नळ दुरुस्त करतो असं त्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

"बरं," रोझली म्हणाली. "करते सगळ्यांना फोन." आणि मग, जरा वेळाने, "एडलिनची फुलं मी पावणेचारला ठेवणार आहे. तुझं तू बघ."

फोन बंद झाला. मिलो तसाच भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"कोण होतं?" कर्टिसने विचारलं.

"मेव्हणी."

कर्टिसने सँडविच खाली ठेवलं. "तीनला निघ तू. दहा मिनिटं आधी निघालास तरी चालेल. पुढचं मी बघतो."

"आघाडी पाचला—"

"आघाडी मलाही दिसते रे बाबा. चौदा वर्षं काय मी इथे नुसता भिंती रंगवतोय?"

मिलो पोचला तेव्हा कबरस्तान जवळपास रिकामं झालं होतं. रोझलीने सगळ्यांना सांगितलं होतं, आणि कुरकुरत का होईना, लोक लवकर येऊन गेले होते. सगळीकडे चंदेरी डबे ऊन परतवत होते. हवा दाटून आली होती, सदरा पाठीला चिकटत होता. वायव्येला खाली, शेतांच्या कडेवर, ढगांची एक रेघ दिसत होती. मिलोने सवयीने तिची उंची मोजली. झाकण अजून होतं.

रोझली दगडापाशी वाकली होती. दगडावर दोन नावं होती. एडलिनच्या नावाखाली दोन सालं होती, मिलोच्या नावाखाली एकच. ती डब्यातली फुलं एकेक झटकून मुंग्या पाडत होती.

"एडलिन आधी बादलीत बुडवायची," मिलो म्हणाला. "मुंग्या निघून जातात."

"माहितीये. मीच शिकवलं तिला." रोझली उठली. गुडघा धरून उठली. वर्षभरात ती बरीच म्हातारी झाली होती. "वजन कमी झालंय तुझं. काय खातोस?"

"डब्यातलं."

"मांजराच्या डब्यातलं वाटतं." तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला कोलाच काढला आणि त्याच्या हातात दिला. खसखशीचा होता. तो खाल्ला नाही त्याने, धरून उभा राहिला.

"रोझली," तो म्हणाला, "त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती काय म्हणाली?"

रोझलीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती शेजारच्या दगडावर टेकली. तो तिच्याच सासऱ्यांचा होता.

"तेरा महिने तू हे विचारायला येशील म्हणून मी दाराकडे बघतेय," ती म्हणाली. "आणि येऊ नयेस म्हणूनही. दोनदा तुझी गाडी दिसली मला."

"काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, 'म्हणतोय किरकोळ.' मी म्हटलं, 'कुठलं? भाषणातलं की घरचं?'"

मिलोच्या हातातला कागद चुरगळला.

"तर म्हणाली, 'अगं, ते मी विचारलंच नाही. त्याच्या बोटांची खटखट चालली होती. कामात आहे, परत कशाला छळू.'" रोझलीने फुलाची एक गळलेली पाकळी उचलली आणि बोटांत चोळली. "आणि मग मी म्हटलं, 'तर मग निघ. ताटं मी धुते.' मी म्हटलं, मिलो. 'परत लाव फोन' असं म्हणायचं, तर मी म्हटलं निघ. ताटं धुवायची घाई मला. तिला ढकलून बाहेर काढलं मी."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"तू कुठलं म्हणाला होतास?" रोझलीने विचारलं.

"माहीत नाही," मिलो म्हणाला. "देवाशप्पथ माहीत नाही. मी लिहीत होतो. तिच्याशी बोलत होतो की नकाशाशी, तेच आठवत नाही."

तिने मान हलवली. ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने पिशवी उचलली, त्याच्या दंडावर एकदा हात ठेवला आणि फाटकाकडे चालू लागली.

मिलो थांबला. तो झाडाखाली थांबला होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, हातात कोलाच, दगडाकडे बघत. म्हणजे ती अडली होती. तिच्या मनात तो प्रश्न आला होता, आणि तो कामात आहे म्हणून तिने गिळला होता. एकतीस वर्षं त्याने साऱ्या मुलखाला सांगितलं, शंका आली तर फोन करा, कितीही वेळा करा, आम्ही त्यासाठीच बसलोय. तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरज आहे असं वाटलंच नव्हतं.

पावणेपाचला वारा पडला. पानं निपचित झाली. मग पाचच्या सुमाराला वायव्येकडून पहिला गार झोत आला, आणि वरचं झाड मुळापासून कुरकुरलं. ढगांची रेघ आता डोक्याशी आली होती, खालून जांभळट. मिलो हलला नाही.

फाटकाशी भोंगा वाजला. रोझली गेली नव्हती. हॉलमधली प्रार्थना सोडून तासभर ती गाडीत बसून होती.

"मिलो! गाडीत ये!"

"जा तू," त्याने ओरडून सांगितलं. "किरकोळ आहे!"

शब्द निघून गेला होता. नेहमीसारखा, आपोआप.

गाडीचं दार उघडलं. रोझली बाहेर आली, वाऱ्यात स्कर्ट धरून, केस तोंडावर. ती त्याच्याकडे आली नाही. फाटकाशीच उभी राहून तिने जीव खाऊन विचारलं, "कुठलं?"

मिलो दगडाकडे वळला.

"कुठलं किरकोळ, मिलो? मी विचारतेय! कुठलं?"

त्याने वर पाहिलं. नीट पाहिलं, कामावर बघतात तसं. ढगाचा खालचा काठ, तो कुठे वळतोय, पाऊस कुठे लोंबतोय. मग झाडाच्या खोडाकडे पाहिलं.

"नकाशातलं," तो म्हणाला. ते तिला ऐकू गेलं नसावं. "नकाशातलं!" तो पुन्हा ओरडला, आणि चालू लागला, मग धावू लागला, डबे चुकवत, दगडांमधून, त्याच्या वयाच्या माणसाने धावू नये तसा.

गाडीत बसल्यावर त्याला रडू फुटलं. रोझलीने इंजिन चालू केलं आणि गाडी झाडांपासून दूर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या शेताच्या कडेला नेऊन उभी केली. तिने काचा वर केल्या. तिने त्याला गप्प राहा म्हटलं नाही. वाऱ्याने गाडी दोनदा हलवली. पाऊस आला, पाच-सात मिनिटं आला, काचेवर दोन-चार बारीक गारा वाजल्या आणि थांबल्या.

"एवढंच?" रोझलीने विचारलं.

"एवढंच," मिलो म्हणाला.

ढग आग्नेयेकडे निघून गेले. त्यांच्या मागे ऊन पडलं आणि हवा एकदम गार, कोरडी झाली. कबरस्तानातली सगळी झाडं उभी होती. काही डबे आडवे झाले होते, पिओनीच्या पाकळ्या ओल्या गवतात पसरल्या होत्या. मिलोचा फोन वाजला. कर्टिस होता.

"तुझ्याकडे काय झालं? नोंद करण्यासारखं काही?"

मिलोने समोर बघितलं. रोझली उतरून फाटकातून आत गेली होती आणि वाकून पडलेला डबा उभा करत होती.

"नाही," तो म्हणाला. "नोंद करण्यासारखं काही नाही."